दोन उमेदवार

विज्ञानाच्या इतिहासात इ. स. १९३३ हे वर्ष एका विलक्षण योगायोगामुळे ध्यानात राहण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात हिटलरच्या नव्या सरकारने जर्मनीतील सरकारी नोकरांविषयी एक कायदा केला आणि ज्यू वंशाच्या प्राध्यापकांना विद्यापीठांतून दूर करण्यास आरंभ झाला. गॉटिंगेन विद्यापीठातील विख्यात पदार्थवैज्ञानिक मॅक्स बोर्न हे अशा रीतीने पदच्युत झालेल्या विद्वानांपैकी एक होते. त्याच वर्षी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ह्या संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी हाती घेतली. आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत ह्या मराठी तरुणीने त्या संस्थेत संशोधनासाठी प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला.

बोर्न आणि कमला भागवत ह्या दोघांची नावे एरवी एका वाक्यात येण्याचे काही कारण नाही. एक जागतिक कीर्तीचा प्राध्यापक, दुसरी नुकतीच पदवी घेतलेली विद्यार्थिनी. परंतु अवघ्या तीन वर्षांच्या अवधीत दोघांनाही बंगळूरच्या एकाच आवारात कामाची जागा मागावी लागली, दोघांचाही निर्णय बव्हंशी रामन ह्यांच्या प्रयत्नांवर वा मर्जीवर अवलंबून होता, आणि दोघांच्याही वाटेत जी अडचण आली तिचा त्यांच्या विद्येशी काडीइतकाही संबंध नव्हता. एकाच्या आड वंश आला, दुसरीच्या आड स्त्रीत्व. म्हणूनच त्या दोन प्रसंगांचा एकत्र विचार करणे उद्बोधक ठरते.

बंगळूरची ही संस्था जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून निघाली. हिंदुस्थानातील तरुणांना उच्च संशोधनासाठी परदेशी जाण्याची पाळी येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. तो फळास आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९०४ साली त्यांचे निधन झाले. म्हैसूर संस्थानाने सुमारे ३७१ एकर जमीन दिली, १९०९ साली संस्था रीतसर स्थापन झाली आणि १९११ साली विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आत आली. बंगळूरचे लोक तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखू लागले. द्रव्य हिंदी उद्योगपतीचे, भूमी हिंदी संस्थानिकाची, विद्यार्थी हिंदी. परंतु पहिल्या चोवीस वर्षांत संचालकाच्या खुर्चीवर ट्रॅव्हर्स, बोर्न आणि फॉर्स्टर असे तीन इंग्रजच क्रमाने बसले. ह्यांपैकी सर आल्फ्रेड बोर्न हे निराळे. जर्मन मॅक्स बोर्न ह्यांच्याशी त्यांचा संबंध नाही.

ह्यात त्या काळच्या मानाने आश्चर्य काहीच नव्हते. ब्रिटिश अमदानीत शास्त्रीय व शैक्षणिक नोकऱ्यांची विभागणीच मुळी वर्णावर झालेली होती. शिक्षणखात्याची वरची शाखा विलायतेहून नेमलेल्यांसाठी आणि प्रांतिक शाखा एतद्देशीयांसाठी, असा सर्वसाधारण परिपाठ होता. जगदीशचंद्र बोस केंब्रिज आणि लंडनच्या पदव्या घेऊन १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले, तेव्हा त्याच कामासाठी गोऱ्या प्राध्यापकापेक्षा बरेच कमी वेतन त्यांना देऊ करण्यात आले. बोस ह्यांनी काम चोख केले, पण तीन वर्षे त्या वेतनाला स्पर्श केला नाही. अखेरीस सरकारला नमावे लागले आणि पूर्ण वेतन मागील बाकीसह त्यांना मिळाले. भूगर्भखात्यातील प्रमथनाथ बोस ह्यांची कथा ह्याहून निराळी नाही. त्यांना डावलून त्यांच्याहून पुष्कळ कनिष्ठ अशा इंग्रज अधिकाऱ्यास १९०३ साली खात्याचे प्रमुखपद देण्यात आले, तेव्हा त्यांनी नोकरीचा त्याग केला. पुढे मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाचा शोध त्यांनीच लावला आणि १९०४ साली त्याची वार्ता पत्राने जमशेटजी टाटांना कळविली. सरकारने ज्या माणसाला वरच्या जागेस अपात्र ठरविले, त्याच्या ज्ञानावर देशातील एका मोठ्या पोलाद कारखान्याचा पाया रचला गेला. भेदभावाने व्यक्तीचा अपमान होतो हे उघडच आहे. त्या व्यक्तीच्या गुणांचा लाभ संस्थेच्या हातून निसटतो, हे मात्र बहुधा मागाहून कळते.

अशा पार्श्वभूमीवर रामन ह्यांची १९३३ सालची नेमणूक ही हिंदी लोकांच्या दृष्टीने केवढी अभिमानाची गोष्ट होती, हे समजू शकते. १९०७ साली ते सरकारच्या अर्थखात्यात दाखल झाले होते. कचेरीचे काम आटोपून सकाळ-संध्याकाळ कलकत्त्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत संशोधन करावे, असा त्यांचा दहा वर्षांचा क्रम होता. १९१७ साली त्या सुरक्षित व भरघोस वेतनाच्या नोकरीवर पाणी सोडून त्यांनी कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपद पत्करले. विलायतेचे तोंडही न पाहता, ह्याच देशात बनविलेल्या साध्या उपकरणांनी त्यांनी आपल्या संशोधनाचा पाया घातला आणि १९३० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळविले. हिंदी बुद्धी कोणाहून उणी नाही, ह्याचे ते चालतेबोलते प्रमाण होते. बंगळूरच्या संस्थेचे पहिले हिंदी संचालक म्हणून ते आले, तेव्हा एक मोठे दार उघडले असे अनेकांस वाटले असेल तर ते योग्यच होते.

त्या दारावर पहिल्याच वर्षी कमला भागवत ह्यांनी थाप दिली. त्या घराण्याला बंगळूरची ती संस्था परकी नव्हती. कमलाबाईंचे वडील नारायणराव भागवत व चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी. विख्यात विदुषी दुर्गाबाई भागवत ह्या कमलाबाईंच्या वडील भगिनी. घरात विद्येचे वातावरण, परीक्षेत पहिला क्रमांक आणि वडील व चुलत्यांनी मळलेली वाट. एवढे असल्यावर प्रवेश मिळणार ह्याविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. पण अर्ज नामंजूर झाला. कारण असे की अर्जदार मुलगी होती. वडीलधाऱ्यांनी केलेल्या रदबदलीचाही उपयोग झाला नाही.

आता नीट पाहिले तर संस्थेच्या नियमांत स्त्रियांना मज्जाव करणारे कलम दाखवून हा नकार आलेला नव्हता. नियम असता तर त्याविरुद्ध दाद मागता आली असती, निदान तो बदलण्याची मागणी तरी करता आली असती. येथे होता तो केवळ संचालकाचा ग्रह. कमलाबाई तो मुकाट्याने मान्य करणाऱ्यांपैकी नव्हत्या. सत्याग्रहाचे ते दिवस होते. त्या स्वतः बंगळूरला गेल्या, रामन ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. एवढ्या मोठ्या माणसाला एका विशीतील मुलीने तोंडावर जाब विचारावा, ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. शेवटी रामन नमले, पण त्यांनी तीन अटी घातल्या. पहिली अट अशी की पहिले एक वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. दुसरी, कामाच्या दर्जाविषयी संचालकांची खात्री पटल्यावाचून त्या कामाला मान्यता मिळणार नाही. आणि तिसरी, आपल्या उपस्थितीने त्यांनी पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित करून प्रयोगशाळेचे वातावरण बिघडवू नये.

ह्या तीन अटींचा स्वभाव ओळखण्यासारखा आहे. उमेदवारीची मुदत आणि कामाची पारख ह्या गोष्टी कोणत्याही कचेरीत वा प्रयोगशाळेत असतात. त्या सर्वांना सारख्या लागू असतील तर त्यांत अन्याय नाही. येथे मात्र त्या एकटीलाच लागू होत्या. जी परीक्षा मुंबई विद्यापीठात पुरुषांच्या बरोबरीने, किंबहुना पुरुषांच्या पुढे राहून, ती उत्तीर्ण झाली होती, तिची किंमत केवळ परीक्षार्थी स्त्री आहे म्हणून कमी धरण्यात आली. तिसऱ्या अटीत तर याहून मोठी मौज आहे. चित्त विचलित होणार पुरुषांचे, आणि जबाबदारी मात्र स्त्रीची. पुरुष विद्यार्थ्यांना मन स्थिर ठेवण्याची अट कोणी घातल्याचे ऐकिवात नाही.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या आणि कामास आरंभ केला. त्यांना श्रीनिवासय्या नावाचे गुरू लाभले. ते शिस्तीला कडक होते, पण पात्र विद्यार्थ्याला हातचे राखून न ठेवता विद्या देणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये ह्यांतील प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. ज्या देशात बहुसंख्य लोकांचे पोषण वरणभातावर आणि उसळीवर होते, तेथे हा विषय किती जिव्हाळ्याचा होता हे सांगावयास नको. वर्ष संपले. रामन ह्यांची खात्री पटली, त्यांना नियमितपणे काम करण्याची अनुज्ञा मिळाली आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ साली ह्याच संशोधनावर मुंबई विद्यापीठाने त्यांना विशेष प्रावीण्यासह एम. एस्सी. ही पदवी दिली.

इकडे हे चालले असताना मॅक्स बोर्न बंगळूरला आले. जर्मनी सोडल्यावर त्यांना केंब्रिजमध्ये तात्पुरता आसरा मिळाला होता, पण कायमची जागा नव्हती. जर्मनीतून हुसकावून लावलेल्या विद्वानांना हिंदुस्थानात आणावे आणि त्यांच्या साहाय्याने येथील विज्ञानाची भरभराट करावी, असे रामन ह्यांच्या मनात होते. त्यांच्या निमंत्रणावरून १९३५ च्या उत्तरार्धात बोर्न सपत्नीक बंगळूरला येऊन दाखल झाले आणि सुमारे सहा महिने तेथे राहिले. त्यांना तेथे कायमचे प्राध्यापकपद मिळावे अशी सूचना रामन ह्यांनी प्राध्यापकांच्या सभेत मांडली आणि बोर्न ह्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. तेव्हा विद्युत्-शास्त्राचे इंग्रज प्राध्यापक अ‍ॅस्टन उभे राहिले. स्वतःच्या देशाने हाकलून दिलेला दुय्यम दर्जाचा परकीय ह्या संस्थेला नको, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. बोर्न स्वतः त्या सभेत बसलेले होते. घरी परतल्यावर पत्नीपुढे आपल्याला अश्रू आवरले नाहीत, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे.

ती नेमणूक झाली नाही. बोर्न युरोपला परतले, १९३६ साली एडिंबरो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९५४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बंगळूरच्या सभेत ज्यांना दुय्यम दर्जाचे म्हटले गेले, त्यांची योग्यता ही अशी होती. रामन ह्यांच्या कारभाराविषयी आधीच कुरबुरी होत्या. १९३६ साली एक चौकशी समिती बसली आणि १९३७ साली त्यांना संचालकपद सोडावे लागले. पदार्थविज्ञान शाखेचे प्राध्यापक म्हणून मात्र ते १९४८ पर्यंत तेथेच राहिले.

हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले म्हणजे रामन ह्यांच्याविषयी घाईने निवाडा करणे कठीण होते. वंशद्वेषाने निर्वासित झालेल्या विद्वानासाठी त्यांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावली, आणि त्याची किंमतही मोजली. वर्णभेदाचे चटके कसे असतात हे त्यांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. तरीही प्रश्न एका मुलीच्या प्रवेशाचा आला, तेव्हा स्वतःच्या हातातील अडसर त्यांना अडसर वाटला नाही. ह्यावरून एक कटू गोष्ट ध्यानात येते. एका प्रकारचा अन्याय सोसलेला मनुष्य दुसऱ्या प्रकारचा अन्याय आपोआप ओळखतोच असे नाही. आपल्यावर होणारा भेदभाव त्याला भेदभाव दिसतो. आपण करीत असलेला भेदभाव त्याला व्यवस्था, शिस्त किंवा दर्जाची काळजी वाटतो. अ‍ॅस्टन ह्यांनीही दर्जाचेच नाव पुढे केले होते. गुणांचा निकष दोन्ही वेळा सांगितला गेला आणि दोन्ही वेळा तो निकष लावण्यापूर्वीच निकाल ठरलेला होता. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की रामन ह्यांनी समोर आलेले काम पाहून आपला निर्णय बदलला.

मात्र दार उघडले म्हणजे आतील सर्व वाट मोकळी होते असे नव्हे. १९४० साली त्रावणकोरच्या अ‍ॅना मणी ह्या शिष्यवृत्ती मिळवून रामन ह्यांच्याच प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणके ह्यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी एकटीच्या नावाने पाच निबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ साली आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. त्यांच्याजवळ एम. एस्सी. ही पदवी नाही असे कारण सांगून विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. नाकारली. ऑनर्सची पदवी आणि संस्थेची शिष्यवृत्ती एवढ्यावर पाच वर्षे संशोधन करता आले, पण त्याच संशोधनाचा प्रबंध स्वीकारण्यास तेवढी पात्रता पुरली नाही. मणीबाईंनी त्याचा बाऊ केला नाही. त्या इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणे शिकल्या, १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या, आणि जी उपकरणे परदेशातून आणावी लागत ती देशातच तयार करण्याचे काम त्यांनी धडाडीने केले. १९७६ साली भारतीय हवामानखात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या. स्त्री म्हणून आपल्याला काही सोसावे लागले, ही भाषा त्यांना स्वतःला आवडत नसे. पण पदवीवाचून राहिलेला त्यांचा तो प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात पडून राहिला, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

कमलाबाई १९३७ साली केंब्रिजला गेल्या. तेथे वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ ह्या द्रव्याचा शोध त्यांनी लावला आणि अवघ्या चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ साली पीएच. डी. मिळविली. हिंदुस्थानात संकुचितपणा आणि विलायतेत औदार्य, असा निष्कर्ष मात्र ह्यावरून कोणी काढू नये. ज्या केंब्रिजने त्यांचा गौरव केला, त्या केंब्रिजने स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व १९४८ सालापर्यंत दिलेले नव्हते. मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग्ज वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा येथे काम करून, १९४७ साली विवाहानंतर त्या कमला सोहोनी म्हणून मुंबईत स्थायिक झाल्या. तेथील विज्ञानसंस्थेत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्ये, तांदळाचे पीठ आणि नीरा अशा गोरगरिबांच्या आहारातील पदार्थांवर संशोधन केले. नीरेवरील कामासाठी राष्ट्रपतींचे पारितोषिक त्यांना लाभले. त्या संस्थेच्या संचालकपदावर येण्यासही त्यांना चार वर्षे ताटकळावे लागले, असे त्यांच्या परिचितांनी नमूद केले आहे. अखेर ते पद त्यांना मिळाले. बंगळूरला संचालकाच्या दारात उभी राहिलेली मुलगी मुंबईत स्वतः संचालक झाली.

मधल्या काळात देशाची घटना झाली होती. तिच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणांवरून भेद करण्यास मनाई केली. पण घटनेतील वाक्य कचेरीतील नियमपुस्तकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. शेजारच्या कोडगू प्रांतातील सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री अधिकारी. ह्या सेवेतील स्त्रीने विवाहापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात व्यत्यय येईल असे वाटल्यास सरकारने तिला राजीनामा द्यावयास सांगावे, असा नियम त्या सेवेत होता. पुरुषाच्या संसाराविषयी असे कलम नव्हते. बढतीत आपल्याला डावलले गेले म्हणून मुथम्माबाईंनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. १९७९ साली निकाल लागला, तोपर्यंत सरकारने त्यांना बढती दिली होती आणि तो नियमही रद्द करण्याचे ठरविले होते. त्यामुळे अर्ज निकालात निघाला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्या नियमांवर कठोर ताशेरे ओढले आणि स्त्रीविषयक भेदाचा डाग पुसण्यासाठी सेवेचे सर्व नियम तपासून पाहावेत असे सुचविले. मुथम्माबाईंचे २००९ साली बंगळूर येथेच निधन झाले.

खाजगी उद्योगांना तर सोळावा अनुच्छेद लागूच नव्हता. १९७४ च्या सुमारास ह्याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढे लेखिका म्हणून सर्वांना परिचित झालेल्या सुधा मूर्ती, ह्यांनी तेथील सूचनाफलकावर टेल्को कारखान्याची जाहिरात वाचली. तिच्या अखेरीस स्त्रियांनी अर्ज करू नये अशी एक ओळ होती. त्यांनी एका पोस्टकार्डावर जे. आर. डी. टाटा ह्यांना ह्याविषयी जाब विचारला. थोड्याच दिवसांत त्यांना मुलाखतीसाठी पुण्यास बोलावणे आले आणि त्या कारखान्यात अभियंता म्हणून रुजू झाल्या. एक्केचाळीस वर्षांपूर्वी जे कमलाबाईंना समक्ष जाऊन करावे लागले होते, ते आता एका पोस्टकार्डाने साधले. तथापि दोन्ही वेळा प्रश्न विचारावा लागला. आपण होऊन तो कोणालाही पडला नव्हता, हे विसरता येत नाही. १९७६ साली समान कामास समान वेतन देणारा आणि नोकरभरतीत स्त्रियांबाबत भेद करण्यास बंदी घालणारा कायदा संसदेने केला.

कायद्याने फलकावरची ओळ पुसता येते. मनातील ओळ पुसण्याचे काम मात्र ज्याच्या हाती नेमणुकीचा वा बढतीचा कागद येतो त्यालाच करावे लागते. अशा कागदावर सही करण्यापूर्वी त्याने स्वतःला एकच साधा प्रश्न विचारावा: ही अट आपण सर्वांना घालतो आहोत की समोरच्या एका व्यक्तीला? त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कठीण नसते.

कमलाबाई १९९८ साली निवर्तल्या. आयुष्याच्या अखेरीस स्त्री-वैज्ञानिकांच्या संघटनेने त्यांचा सत्कार केला, तेव्हा त्यांनी बंगळूरच्या त्या प्रसंगाचा उल्लेख केला. रामन ह्यांची थोरवी त्यांनी नाकारली नाही, पण केवळ स्त्री म्हणून मिळालेली ती वागणूक आपण विसरू शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. केंब्रिजची पदवी, राष्ट्रपतींचे पारितोषिक आणि संचालकपद एवढे सगळे मिळूनही साठ वर्षांपूर्वीचे ते एक वर्ष त्यांच्या मनातून गेले नव्हते. संस्थेच्या दप्तरी ती केवळ एक वर्षाची अट होती.